चॉप्स, टोमॅटो सॉस आणि 'छुपा' चावटपणा

'व्हिक्टोरियन लोक (राणी व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्रज) इतके सोवळे, की पियानोचे पायसुद्धा झाकायचे. म्हणून तिकडच्या लेखकांनी कादंबऱ्यांत चावट विनोद लपवून ठेवले.' ही पोस्ट मला आतापर्यंत चार जणांनी पाठवली. सोबत पुरावे : डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला मास्टर बेट्स (भरभर म्हटलं की इंग्रजीत 'हस्तमैथुन करतो' असं ऐकू येतं), जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये बग्गीत चाललेलं 'मेकिंग लव्ह' (आजच्या इंग्रजीत संभोग) आणि ऊठसूट 'इजॅक्युलेट' (आजच्या अर्थाने वीर्यस्खलन) करणारी पात्रं. वाचायला मजा आली, पण पुरावे टिकत नाहीत.

पियानोचं आधी उरकतो. ही गोष्ट कॅप्टन मॅरियट या इंग्रज लेखकाने १८३९ साली अमेरिकेच्या प्रवासवर्णनात सांगितली, आणि तीही अमेरिकन किती सोवळे म्हणून हसायला. पुढे ती इंग्रजांच्याच गळ्यात पडली.

'एमा' १८१५ची. ऑस्टिन गेली १८१७ला, व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ला. आणि तेव्हा 'मेकिंग लव्ह' म्हणजे प्रेमाच्या गोष्टी करणं. त्या बग्गीत एल्टनसाहेब एमाचा हात धरून लग्नाची मागणी घालतात, बस्स. 'इजॅक्युलेट' म्हणजे तेव्हा एकदम उद्गारणं. आपल्याकडे व्याकरणाच्या तासाला 'लिंग ओळखा' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते, पण म्हणून व्याकरणकारावर कुणी चावटपणाचा आळ घेत नाही. (ऑस्टिनची खरी संशयास्पद कोटी या पोस्टीत नाहीच. 'मॅन्सफील्ड पार्क'मधली मेरी क्रॉफर्ड आरमारातल्या 'रिअर' आणि 'व्हाइस' अ‍ॅडमिरलांवरून बोलते (इंग्रजीत 'रिअर' म्हणजे पार्श्वभागही, 'व्हाइस' म्हणजे दुर्गुणही) आणि वर म्हणते, मी कोटी केली असा संशय घेऊ नका हं! लपवते कुठे?)

मास्टर बेट्सचं प्रकरण जरा नाजूक. चार्ली बेट्स हा फेगिनच्या टोळीतला खिसेकापू पोरगा, सदा खिदळणारा. डिकन्स त्याला वारंवार 'मास्टर बेट्स' म्हणतो. पण 'मास्टर' हे घरंदाज मुलाला लावायचं संबोधन. आपण उनाड कार्ट्याला 'युवराज' म्हणतो, त्यातलाच प्रकार. त्याचा जोडीदार डॉजर, त्यालाही डिकन्स 'मिस्टर डॉकिन्स' करून टाकतो. शिवाय १८४१च्या प्रस्तावनेत तो सांगतो, की अगदी हलक्यातल्या हलक्या पात्राच्या तोंडीही कुणाला खटकेल असा शब्द येऊ दिलेला नाही. त्याला तो ध्वनी ऐकूच आला नसेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण एका ध्वनीवर अख्ख्या काळाचं गुपित उभं करायचं म्हणजे फारच झालं.

सोवळेपणा होता, हे मात्र खरं. फक्त तो लपवायला नव्हे, कापायला लावायचा. 'बार्चेस्टर टॉवर्स' या कादंबरीतलं 'जाड पोट' लेखक ट्रॉलोपने प्रकाशकाच्या सांगण्यावरून 'भरदार छाती' केलं. कादंबरीकार हार्डीची तर त्याहून पंचाईत. त्याच्या 'टेस'मध्ये नायक एंजल पाण्याने भरलेल्या रस्त्यातून गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो. १८९१ साली 'ग्राफिक' साप्ताहिकात छापताना हार्डीला एंजलच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली. पोरी ढकलगाडीत बसून पार! संपादकांनी इतका हास्यास्पद प्रसंग फुकटात लिहून घेतला, आणि आपण मात्र डिकन्सच्या ओळींत चावटपणा हुडकतोय. त्याच हार्डीच्या 'ज्यूड'मध्ये, १८९५ साली, अ‍ॅराबेला डुकराचा 'तो' अवयव नायकाच्या कानावर भिरकावते. हा विनोद हिरवट आहेच, पण भर दिवसा, उघड्यावर.

आणि शब्दांच्या आड दडलेलं शोधणाऱ्यांचं काय करायचं, तेही डिकन्सने १८३६-३७मध्येच दाखवून ठेवलंय. 'पिकविक पेपर्स'मध्ये मिसेस बार्डेल ही घरमालकीण पिकविकवर लग्नाचं वचन मोडल्याचा दावा लावते. तिचे वकील बझफझ कोर्टात पुरावा म्हणून त्याच्या दोन चिठ्ठ्या वाचतात. एकीत 'चॉप्स आणि टोमॅटो सॉस'. दुसरीत, उद्या येतो, अंथरूण ऊबदार करायच्या शेगडीची काळजी करू नका. बझफझ कडाडतात : चॉप्स! अरे देवा! आणि टोमॅटो सॉस! ही शेगडी म्हणजे साधी शेगडी नव्हेच, मनातल्या आगीचा आडपडदा आहे! ज्युरीला ते पटतं. पिकविकला ७५० पौंडांचा भुर्दंड बसतो, आणि तो भरायचा नाही म्हणून म्हातारा तुरुंगात जाऊन बसतो.