पौल करिंथला का गेला नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला भेटायचा बेत प्रेषित पौलाने बदलूनही त्याला मी शब्दाचा पक्का म्हटलं, हे तुम्हाला पटलं नाही. तुमचा सवाल असा: 'होय तर होय, नाही तर नाही' असं येशूने स्वच्छ सांगितलं असताना (मत्तय 5:37) प्रेषिताला सूट कशाला? शिवाय तुमच्या घरच्या उपकारस्तुतीला (देवाचे आभार मानायच्या प्रार्थनेला) पाळकसाहेब आलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी 'प्रभूची योजना वेगळी होती' एवढा निरोप आला. मग तेही माझ्या हिशेबाने पक्केच का?

मुळीच नाही. आणि त्यांची अडचण पौलाच्याच पत्रात आहे.

करिंथकरांची कुरकुर खोटी नव्हती. आधी पौलाने कळवलं होतं की इफिसहून मासेदोनियामार्गे येईन, जमल्यास हिवाळा तुमच्याकडेच काढीन. पुढे बेत फिरला: आधी करिंथ, मग मासेदोनिया, परत करिंथ, तिथून यहूदिया. तोही ठरल्याप्रमाणे झाला नाही. स्वतः जायच्या जागी त्याने रडत रडत लिहिलेलं पत्र पाठवलं. लोक म्हणणारच, याच्या बोलण्याला धरबंध नाही.

आता गंमत पाहा. पहिल्या पत्रात बेत सांगतानाच 'प्रभूने होऊ दिलं तर' अशी पुस्ती त्याने जोडली होती (1 करिंथकर 16:7). सबब तयार होती. पण दुसऱ्या पत्रात जाब द्यायची वेळ आली तेव्हा त्याने ती वापरली नाही. दुःख घेऊन पुन्हा यायचं नाही असं मीच ठरवलं, तुमची गय करावी म्हणून आलो नाही, असं तो सांगतो. देवाला तो साक्षीला बोलावतो, पण निर्णय देवाच्या माथी मारत नाही. याकोबही आपल्या पत्रात 'प्रभूची इच्छा असेल तर' हे बेत करताना म्हणायला सांगतो (4:15). बेत फसल्यावर पांघरायला ते वाक्य दिलेलं नाही, आणि आपल्या मंडळ्यांत ते बहुतेक वेळा नेमकं तेव्हाच ऐकू येतं!

दुसरं, यात पैसा होता. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा होत होती, आणि येतो म्हणून न येणाऱ्याच्या हाती पैसे कोण देईल? पौल लबाडीने आपल्याला गुंडाळतोय, अशीही कुजबुज असावी. 2 करिंथकर 12:16 वाचून तसंच वाटतं. त्यावर 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं तो नुसतं म्हणत बसला नाही. रक्कम तुम्ही निवडाल त्या माणसांबरोबर जाईल, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मग तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस पाठवला आणि कारणही उघड लिहिलं: एवढ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये (2 करिंथकर 8:20). मला तर त्याच्या सगळ्या खुलाशापेक्षा ही व्यवस्था जास्त बोलकी वाटते.

मत्तयातल्या वचनाबद्दल थोडंसंच. तिथे विषय शपथांचा आहे. आकाशाची, पृथ्वीची, डोक्याची शपथ घेऊन शब्दाला वजन आणू नका, असं येशू सांगतो. ठरलेलं कधीच बदलू नये, असं तिथे नाही. हेरोद राजाने शपथेवर दिलेला शब्द पाळला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर गेलं. उलट स्तोत्र 15 मधला भला माणूस स्वतःचं नुकसान झालं तरी वाहिलेली शपथ मोडत नाही. म्हणून बेत बदलला की मी आधी पाहतो, तोशीस कुणाला पडली. पौलाने शिव्या खाल्ल्या. त्रोवस शहरात सुवार्तेसाठी दार उघडलं असतानाही त्याला चैन पडेना, कारण तीत भेटला नव्हता. तुमच्याकडे मात्र रांधलेलं अन्न उरलं ते तुमचं, आणि पाहुण्यांसमोर मान खाली गेली तीही तुमचीच.

शेवटी पौल गेला. ग्रीस देशात तीन महिने राहिला (प्रेषितांची कृत्ये 20:3), आणि अखयातल्या (करिंथ ज्यात येतं त्या प्रांतातल्या) लोकांनी वर्गणीही दिली, हे रोमकरांच्या पत्रात आहे. पाळकसाहेब नंतर तुमच्या घरी आले का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.