बोर्डावर बाहेरचा माणूस

"बोर्डावर बाहेरचा माणूस घेतला की कंपनी गेली समज." माझ्या भाच्याला सध्या नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत जो भेटेल तो हेच सांगतो आहे. संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र बनवणारी त्याची छोटी कंपनी आहे, पहिल्या मोठ्या गुंतवणुकीची टर्मशीट, म्हणजे मुख्य अटींचा कागद, आली आहे आणि गुंतवणूकदाराला एक बोर्ड सीट, म्हणजे संचालक मंडळावर एक खुर्ची, हवी आहे. काका म्हणतात, पैसे घे, खुर्ची देऊ नको. मित्र म्हणतात, दर महिन्याचा एमआयएस, म्हणजे आकड्यांचा अहवाल, जरा गोड करून पाठव, गुंतवणुकीचा पुढचा राउंड अडायला नको. इथे म्युनिकमध्ये हे ऐकताना माझं डोकं फिरतं.

दुसऱ्याच्या पैशावर कंपनी उभारणं नागपूरला नवं आहे का? जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी आपल्याच गावात सुरू झाली, ती भागधारकांच्या भांडवलावर. आज तिथे मॉल आहे, म्हणून लोकांना आठवत नाही, एवढंच.

इथे माझ्या कंपनीच्या राउंडच्या वेळी नोटरीने अख्खा करार मोठ्याने वाचला. दुपार गेली. पण 'हे कलम मला माहीतच नव्हतं' म्हणायला नंतर कोणाला जागा राहिली नाही. नागपुरात मी पाहिलंय, शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंट, म्हणजे भागधारकांमधला करार, सीएकडे जातं आणि फाउंडर सही कुठे करायची तेवढं विचारतो. खुर्चीवर वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही करारातली संमतीच्या बाबींची यादी वाचलेली नाही. नवे शेअर काढणं, मोठं कर्ज, कंपनी विकणं यांना गुंतवणूकदाराची संमती लागणार, लागू दे. पण कोणाला कामावर घ्यायचं, महिन्याचा खर्च कसा करायचा हेही त्या यादीत असेल तर तिथे अडून बसायचं. दोन फाउंडर आणि एक गुंतवणूकदार अशा बोर्डावर बहुमत तुमचंच असतं. त्या यादीतला नकाराधिकार मात्र एकट्या माणसाकडे असतो.

आणि तो संचालक गुंतवणूकदाराचा हस्तक म्हणून बसत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ सांगतं की नेमणूक कोणीही करो, संचालकाची बांधिलकी कंपनीशी. सरकारी मान्यता असलेल्या खाजगी स्टार्टअपला दर सहामाहीत एक बैठकही कायद्याने पुरते. सुरुवातीच्या कंपनीला ती पुरत नाही. सहा महिन्यांत बँकेतले पैसे संपून जातात.

म्हणून महिन्याचं पत्र. शिल्लक किती, ती किती महिने पुरेल, कोणता ग्राहक गेला, कोणती मदत हवी. एक पान. वाईट बातमी असेल तर बैठकीआधी प्रत्येक संचालकाला फोन करायचा, म्हणजे बैठकीचा वेळ धक्का पचवण्यात जात नाही, मार्ग काढण्यात जातो. इथे जर्मनीत देणी भागवता येईनाशी झाली की जास्तीत जास्त तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर गेशेफ्ट्सफ्यूररवर, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या संचालकावर, गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे शिल्लक लपवणं फार महागात पडू शकतं. तिकडे बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं उदाहरण देऊन मला सांगतात, बघ, गुंतवणूकदार ऐन वेळी पळाले. जून २०२३ मध्ये त्यांचे तीन संचालक गेले हे खरं आहे. पण त्याच सुमाराला लेखापरीक्षक डेलॉइटही आर्थिक विवरणपत्रांना उशीर होतोय म्हणून बाहेर पडली होती आणि आमचा सल्ला वारंवार डावलला गेला, असं प्रोसस या त्यांच्या गुंतवणूकदाराने पुढच्याच महिन्यात जाहीर सांगितलं. हा अर्धा भाग वादात येत नाही.

"आत्या, तिकडे सगळं नियमानं चालतं, तुला सोपं आहे न," भाचा म्हणाला. तसं नाही रे. आमचा गुंतवणूकदार आणि माझा सहसंस्थापक शनिवारी गार्मिशला स्कीइंगला जातात आणि सोमवारी मला कळतं की बरंच काही ठरून गेलंय. त्यांचं बायरिश, म्हणजे इथल्या बोलीतलं, बोलणं जोरात आलं की माझं जर्मन मागे पडतं. त्या टेबलाशी बाहेरचा माणूस मी आहे. म्हणून मी इतिवृत्ताला धरून बसते. कागदावर नसेल तर ते ठरलेलं नाही, हे मला तिथे दर वेळी म्हणावं लागतं. इतवारीत बाबांच्या दुकानात शब्दावर उधारी चालायची, कारण समोरच्याच्या आजोबांनाही बाबा ओळखायचे. मला इथे तशी ओळख कोणाची नाही. कागदाची शिफारस मी करते त्यात हेही आहे.

भाच्याच्या राउंडमध्ये मीही थोडे पैसे घालते आहे. बोर्डावर निदान ऑब्झर्व्हर म्हणून, मताचा हक्क नसला तरी, बसू दे, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "तू घरची, तुला काहून खुर्ची पाहिजे?" मग एक मिनिट थांबून म्हणाला, "आणि तू तर तिकडेच राहणार." हे मला फार लागलं. खुर्चीचा हट्ट सोडलाय. पण महिन्याचं पत्र गुंतवणूकदारांना जाईल तेच मलाही हवं आहे, आकडे वाईट असले तरी, आणि ते भाच्याच्या आईकडून ऐकून नाही, यादीत माझं नाव घालून.