मॅच संपली असं कोण म्हणालं?

आज सेंदाईत आमच्या राकुतेन ईगल्स या बेसबॉल टीमने सपाटून मार खाल्ला. स्कोअर लिहीत नाही, ज्याला हवा त्याने शोधावा. हरल्याचं वाईट वाटतंच, पण डोकं फिरलंय ते वेगळ्याच कारणाने. टोकियोहून खास मॅच बघायला म्हणून आलेली आमची मित्रमंडळी पाचव्या इनिंगला उठून गेली. समोरच्यांचा दहावा रन झाला आणि यांनी पिशव्या आवरायला घेतल्या. "चल गं, संपली मॅच, काहीतरी खायला जाऊ." मी म्हटलं, नऊतल्या अजून चार इनिंग आहेत. तर उत्तर आलं, "आता काय बघायचंय त्यात?" अर्ध्या तासाने ग्रुपवर रामेनच्या वाटीचा फोटो. खाली लिहिलेलं, "सुटलो!"

सुटलो? कशातून सुटलात?

तिकडे आठव्या इनिंगला आमचा एक पोरगा पिचिंग करत होता, म्हणजे बॉल टाकत होता, आणि माझ्या शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मला त्या खुर्च्यांची लाज वाटली. सगळ्यांना माहीत होतं की हे माझ्याबरोबर आलेले लोक आहेत.

तुम्हाला मॅच संपलेली दिसते तिथे कोणाची तरी सुरू होत असते. हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वीची एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. तेव्हाही आम्ही असेच हरत होतो, 0-12. माझ्या पुढच्या रांगेत सातआठ जण बसले होते, शेजारच्या इवाते प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलेले. बाप्यांचे हात बघूनच कळत होतं की समुद्रावर कामं करणारी माणसं आहेत. मध्ये एक बाई. तिच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा होता. पहिल्या इनिंगपासून तिने त्याची गाठ सोडली नव्हती. बाकीचे बिअर पीत होते, गप्पा मारत होते, ही मात्र डाव्या हाताने त्या गाठीशी चाळा करत मैदानाकडे एकटक बघत होती. स्कोअर वाढत गेला तशी आजूबाजूची माणसं उठायला लागली. ही मंडळी मात्र सरसावून बसायला लागली. मला काही केल्या उलगडा होईना.

आठव्या इनिंगला पिचर बदलल्याची घोषणा झाली आणि अख्खी रांग उभी राहिली. त्या बाईने पिशवीतून टॉवेल काढला. त्यावर तिच्या मुलाचा नंबर होता. तोवर तिने तो बाहेरसुद्धा काढला नव्हता.

आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जपानी प्रो टीममध्ये भरती होणारे सगळेच काही स्टार नसतात. काहींना डेव्हलपमेंट खेळाडू म्हणून घेतात, त्यांच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो. पहिल्या टीमच्या मॅचला ते उतरूच शकत नाहीत. वर्षानुवर्षं सेकंड टीमच्या मैदानावर घाम गाळायचा, मग कधीतरी दोन आकडी नंबर मिळतो. त्यानंतरही पहिल्या टीमच्या यादीत जेमतेम तीसेक जण, त्यातलेही सगळे त्या दिवशीच्या बेंचवर नसतात. एकदा यादीतून खाली पाठवलं की दहा दिवस परत नाव घालता येत नाही. मॅच अटीतटीची असेल तर अशा नवख्या पोराच्या हातात बॉल कोण देणार? 2-1 असताना नाही देत, 4-3 असताना तर नाहीच नाही. 0-12 असताना देतात. म्हणजे तुमच्या दृष्टीने मॅच मेलेली असते तेव्हाच. त्या पोरासाठी सगळं दार तेवढंच उघडतं, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही रामेन खायला जाता.

त्या रात्रीच्या पोराच्या वडिलांनी तेव्हा जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलाचं नाव पुकारल्यावर ते मागे वळले आणि आम्हा मागच्या रांगेतल्या दहाबारा उरलेल्या माणसांना वाकून नमस्कार केला. मुलगा आमचा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणाले. 0-12 ने हरणाऱ्या टीमच्या चाहत्यांची ते आधीच माफी मागत होते! माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, अहो, आम्ही त्याच्यासाठीच थांबलोय. ते खरं होतं की नाही कोण जाणे, पण त्या क्षणी आम्ही सगळेच त्याच्यासाठी थांबलेले झालो.

पहिले चार बॉल बाहेर. सरळ वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर.

राकुतेनच्या चाहत्यांना एकतर्फी मॅचची भीती घालू नका. ही टीम जन्मलीच त्यातून. 2004 मध्ये किंतेत्सु आणि ओरिक्स या टीम एक करायचं ठरलं, खेळाडूंनी संप केला, आणि त्या सगळ्या रणधुमाळीतून सेंदाईला नवी टीम मिळाली. खेळाडू कोण, तर त्या दोन टीमच्या खेळाडूंच्या वाटपात न राखलेले आणि कुठून कुठून सोडून दिलेले. 2005 च्या पहिल्याच मॅचमध्ये आमच्या पिचर इवाकुमाने चिबा लोत्तेला 3-1 हरवलं, तोहोकुभर, म्हणजे आमच्या या सगळ्या उत्तर भागात, आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी, 27 मार्चला, त्याच लोत्तेकडून 26-0! आयुष्यातली दुसरी मॅच आणि 26-0. त्यांच्या वातानाबे शुन्सुकेने हात जमिनीलगत आणून बॉल टाकत आम्हाला सगळ्या मॅचमध्ये एकच हिट दिला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, संपली टीम. 1 एप्रिलला सेंदाईत पहिली मॅच झाली. आम्ही सेइबुला 16-5 ने धुतलं, आणि त्या वर्षी 38 मॅच जिंकून 97 हरलो. सत्त्याण्णव! तरी इथल्या लोकांनी ती टीम पोटच्या पोरासारखी वाढवली.

आणि कृपा करून लगेच 2013 पुढे करू नका. हो, चॅम्पियन झालो. आदल्या दिवशी 160 बॉल टाकून हरलेला आमचा पिचर तानाका शेवटच्या मॅचच्या नवव्या इनिंगला परत उतरला, जायंट्सना हरवलं, 2011 च्या भूकंपानंतर अडीच वर्षांनी हे शहर पावसात रडलं. सगळं मान्य. पण 26-0 ची मॅच 2013 मुळे किमती झाली असं नाही. 2013 झालं नसतं तरी ती खेळलीच गेली असती आणि बघणाऱ्यांनी बघितलीच असती. प्रत्येक हार म्हणजे पुढच्या विजयाची पायरी, हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

2024 च्या मे महिन्यात फुकुओकात सॉफ्टबँकने आम्हाला 21-0 हरवलं. दुसऱ्या दिवशी 12-0. दोन दिवसांत 33 रन खाल्ले, आपला एकही नाही. मॅनेजर तेव्हा इमाए. 2005 साली आम्हाला 26-0 हरवणाऱ्या लोत्तेचाच तो खेळाडू होता, बघा कसं असतं. पुढच्या महिन्यात याच टीमने दोन लीगमधली इंटरलीग स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. ते जिंकले नसते तरी मी हीच पोस्ट लिहिली असती.

"हरतानाही मान असतो" वगैरे बोलणारे मोठमोठे लोक प्रत्यक्षात काय करतात तेही पाहिलंय. 6 ऑगस्ट 2020, कोशिएनचं मैदान, हानशिन विरुद्ध योमिउरी जायंट्स. जायंट्स आठव्या इनिंगला 0-11 मागे. तरुण पिचर मार खात होता. मॅनेजर हाराने त्याला काढलं आणि माउंडवर, म्हणजे बॉल टाकायच्या उंचवट्यावर, पाठवलं मासुदा दाइकीला. मासुदा इनफिल्डर, बेसजवळ फिल्डिंग करणारा! पिचर नाहीच. दुसऱ्या दिवशी जुनेजाणते तुटून पडले. जायंट्सच्या परंपरेला काळिमा, प्रतिस्पर्ध्याचा अपमान, काय काय. अरे, कसला अपमान? त्या वर्षी करोनामुळे सीझन 19 जूनला सुरू झाला होता, 120 मॅच कोंबायच्या होत्या, आठवड्याला सहा सहा. उरलेल्या पिचरचे खांदे कोण सांभाळणार, टीव्हीसमोर बसलेले हे दिग्गज?

आणि मासुदा कोण होता ते एकाने तरी नीट सांगितलं का? कॉलेज अर्धवट सुटलेला, इमारतींच्या परांच्या बांधायचं काम केलेला, मग तोकुशिमाच्या स्वतंत्र लीगमध्ये खेळून जायंट्समध्ये डेव्हलपमेंट खेळाडू म्हणून आलेला माणूस. त्याने त्या दिवशी चिकामोतोला ग्राउंडरवर बाद केलं, एक वॉक दिला, ओयामाचा झेल राइट फिल्डला गेला. इनिंग संपली, एकही रन नाही. तोंडावर हसू नाही, थट्टा नाही. सांगितलेलं काम जीव ओतून केलं आणि परत गेला. यात कोणाला खेळाचा अपमान दिसत असेल तर त्याने परत एकदा बघावं.

हां, एक गोष्ट कबूल करते, नाइलाजाने. रोज उठून इनफिल्डरलाच पाठवायला लागले तर त्या इवातेच्या पोरासारख्यांची ती एक इनिंगही जाईल. ते मला नको आहे. पण त्या रात्री त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

मुलांच्या मॅचचं वेगळं आहे हेही ठीक. शाळांच्या प्रादेशिक स्पर्धांमध्ये पाच इनिंगनंतर 10 किंवा सात इनिंगनंतर 7 रनचा फरक असला की थांबवतात. उन्हात पोरं कोसळण्यापेक्षा बरं. पण इथेच, तोहोकुतच, 1998 साली आओमोरीत काय झालं ते ऐका. फुकाउरा नावाच्या समुद्रकाठच्या गावातली शाळा, टीममध्ये जेमतेम दहा मुलं. पहिल्या इनिंगला 39 रन खाल्ले. पाच इनिंग झाल्या तेव्हा 93-0. तेव्हा तिथे सात इनिंगनंतरच थांबवायचे. सोडायचं का म्हणून विचारलं तर मुलं म्हणाली, खेळायचं. सात इनिंग होऊन नियमाने मॅच थांबली तेव्हा 122-0. समोरची तोओगिजुकुची मुलंही शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने खेळली, दया म्हणून मुद्दाम आउट झाली नाहीत. मला त्या दोन्ही टीमबद्दल सारखाच आदर आहे. हे लिहिताना घसा दाटून येतोय माझा. 93-0 असतानाही न सोडणारी ती दहा पोरं, आणि तुम्ही पाचव्या इनिंगला उठता!

बरं. राग थोडा निवला आता. चहा करून आले.

तुमचंही काही अगदीच खोटं नाही. शिंकान्सेनचं, बुलेट ट्रेनचं, तिकीट स्वस्त नसतं, शेवटची गाडी चुकली तर हॉटेलचा खर्च, बरोबरची छोटी पेंगत होती. तिला घेऊन एकजण गेला असता तर मी एक अक्षर बोलले नसते. पण चौघं? आणि वर "सुटलो"?

तुम्हीच ते लोक, ज्यांनी डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला आपण 36 वर गुंडाळलो गेलो तेव्हा ग्रुपवर सुतक पाळलं होतं. आठच दिवसांत मेलबर्नला डोंबिवलीच्या रहाणेने शतक ठोकलं तेव्हा याच ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत नाचत होतात. तेव्हा नाही म्हणालात की 36 ला सिरीज संपली. आपल्या माणसाचं असलं की कळतं तुम्हाला. मग त्या मुलाच्या आईबापांचा तो आपला माणूस नव्हता का?

त्या रात्रीचं अर्धवट राहिलं. वॉकनंतर पुढच्या बॅटरने दुसऱ्याच बॉलला जोरात मारलं, बॉल थेट शॉर्टस्टॉपकडे, तिथून सेकंड, तिथून फर्स्ट. डबल प्ले, एकाच बॉलला दोन आउट. त्या बाईने टॉवेल तोंडावर धरला, मैदानाकडे बघेचना. नवरा तिला सांगत होता, अगं बघ, बघ. तिसरा आउट उंच उडालेल्या झेलावर. शून्य रन. आम्ही मागचे दहाबारा जण इतके ओरडलो की पलीकडचे पाहुण्या टीमचे चाहते वळून बघायला लागले, आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. बारा रननी पुढे असलेल्या लोकांनी! बाईने तेव्हा कुठे डब्याची गाठ सोडली. आत ओनिगिरी होत्या, भाताचे मुटके. आम्हा सगळ्यांना एकेक दिली. भात गार झाला होता, मीठ जरा जास्त होतं.

त्या शरद ऋतूत करार न वाढवलेल्या खेळाडूंची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. पहिल्या टीमसाठी तो परत उतरला नाही. त्याच्या सगळ्या कारकिर्दीच्या नोंदीत एक इनिंग आहे, आणि ती 0-12 च्या मॅचमधली आहे. मॅच अटीतटीची झाली असती तर तीही नसती.

आज आठव्या इनिंगला जो आला होता त्याला दोन हिट बसले, एक रन गेला. मैदानातून परत जाताना त्याने टोपी काढून डोकं खाली घातलं. आम्ही उरलेल्यांनी त्याच्या नावाने हाका मारल्या, पण खुर्च्या इतक्या रिकाम्या होत्या की आवाज पोचला की नाही कळलं नाही.

आज बुलपेनमधले राखीव पिचर बहुतेक सगळे वापरून झालेत. त्यामुळे उद्या इझुमीच्या सेकंड टीममधून कोणीतरी वर येणारच. नोंदणीची यादी लागली की नाव इथे टाकते. तिकिटं माझ्याकडे दोन जास्तीची आहेत. ज्याला यायचंय त्याने सकाळपर्यंत सांगा, आणि परतीचं बुकिंग मॅच संपल्यानंतरचं करा.