नुसता चाफा नसतोच मुळी

सासूबाईंना दारात लावायला चाफा हवा होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं स्वस्त मिळतात, म्हणून काल गेलो आणि म्हणालो, "मावशी, एक चाफा द्या."

"खंयचें?"

इथवर ठीक होतं. पण मागे कुळीथ घ्यायला आलेले एक गृहस्थ उभे होते. चष्मा कपाळावर, हातात छत्री.

"अहो, नुसता चाफा असं काही नसतंच मुळी," म्हणाले आणि सुरू झाले. सोनचाफा आणि कवठी चाफा एका घराण्यातले. हिरवा चाफा सीताफळाच्या भावकीतला, देठाच्या आकड्याने वर चढणारा. देवचाफा कण्हेरीकडचा, मूळचा अमेरिकेतला, फांदी मोडली की चीक गळतो. भुईचाफा तर सरळ आल्या-हळदीचा! दर घराण्याला छत्रीचं टोक माझ्या पोटरीत.

"तुमच्या सासूबाईंचा कुठला?"

"वास येतो म्हणाल्या."

"वास सगळ्यांनाच येतो."

"पिवळा असावा बहुतेक."

"हिरवासुद्धा पिकला की पिवळा होतो."

तेवढ्यात मावशींनी माझ्यामागून आलेल्यांना अबोली दिली, शेवंती दिली, दासवण दिली. त्यांना कोणी कुळी विचारली नाही. आम्हीच काय ते उपवर मुलीचे बाप.

या गोव्यातच 1563 साली गार्सिया द ऑर्ताने औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. त्यात रुआनो नावाचा पाहुणा प्रश्न विचारतो, ऑर्ता सविस्तर उत्तरं देतो आणि रुआनो शेवटपर्यंत चिडत नाही. अर्थात तो काल्पनिकच होता. त्याला कोणी छत्री टोचली नव्हती.

शेवटी फोंड्याला फोन लावला. "चाफा म्हणजे चाफा हो, त्यात काय विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या. गृहस्थांनी फोन सरळ माझ्या हातातून घेतला. "काकी, फूल पांढरं ना? मधे पिवळं? पानं झडली तरी फुलतो?" मग गृहस्थांचं आजोळ फोंड्याचंच निघालं. मग कोणाचे कोण, कोणाची मुलगी कुठे दिली. बॅलन्स माझा. फोन परत मिळाला तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, "केवढी माहिती आहे हो त्यांना! तुम्ही बसत जा जरा अशा माणसांजवळ."

देवचाफा ठरला. मावशींनी मागितले तेवढे पैसे दिले. घासाघीस करायची ताकद उरली नव्हती. पिशवी फाटकी. फोंड्यापर्यंत स्कूटरवर ओली माती पँटवर गळत होती.

दारात रोप टेकवलं, तर शेजारीण कुंपणावरून म्हणते, "अय्या, विकत आणलात? आमच्या झाडाची फांदी तोडून चार दिवस सुकवून रोवायची की, फुकट लागतो."

चार घराणी सांगितली त्या माणसाने. हे एवढं सांगायला त्याच्या जिवावर आलं होतं?