‘तीन दिवस खोलीत कोंडा, दारू सुटेल’: हे घरी करू नका

गणपती जवळ आले की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. हरतालिकेच्या रात्री देवासमोर शपथ घालायची, तीन दिवस खोलीत कोंडायचं, लिंबू-साखरेचं पाणी पाजायचं. थरथर सुटली, घाम आला म्हणजे विष बाहेर पडतंय. भास झाले तर गाऱ्हाणं घाला. गोळ्या नकोत, ते दुसरं व्यसन, असंही त्यात लिहिलेलं असतं. कधीमधी पिणाऱ्याला याने काही होणार नाही. पण सकाळी हात स्थिर करायला घोट लागतो, अशा माणसाच्या हा उपाय जिवावर बेततो.

तीन दिवस काढले की सुटला?

शेवटचा घोट हरतालिकेला रात्री ९ वाजता घेतला असं धरा. चतुर्थीच्या पहाटेपासून हात कापतात, निरांजन धरवत नाही, मळमळतं, छाती धडधडते. फीट येते ती साधारण ६ ते ४८ तासांत, म्हणजे दीड दिवसाचा गणपती पाण्यात जाईपर्यंत. सगळ्यात घातक टप्पा त्यानंतरचा, ४८ ते ९६ तासांचा. त्यात माणूस भ्रमात जातो; डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स, थोडक्यात डीटी, म्हणतात. मेसेजवाला कडी काढायला सांगतो, ती नेमकी हीच वेळ.

विष बाहेर पडतंय?

तोवर रक्तातली दारू यकृताने बहुतेक संपवलेली असते. वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून बसलेला असतो. दाब एकदम निघाला की तो जोर उसळतो. घाम, थरथर, फीट ही त्याचीच रूपं. ‘माडीवाल्याला काही होत नाही’ हेही खोटं. माडीतही तीच दारू, फक्त पातळ.

भास म्हणजे बाधा?

डीटीतला माणूस चादरीवरचे किडे झटकतो, भिंतीशी बोलतो. मच्छीमार असेल तर बिछान्यात बसून हवेतच जाळं विणायला लागतो; बोटं अगदी बरोबर चालतात, समोर दोरा नसतो. त्याला विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत? उत्तर भलतंच आलं, ताप असला, तर गाऱ्हाणं नंतर घाला, आधी गाडी बोलवा. उपचाराविना डीटीने माणसं दगावतात. अंधाऱ्या खोलीत कोंडलं तर सावल्यांनी भास वाढतात, म्हणून दिवा चालू ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा.

लिंबू-साखर पाणी?

तहानेला ठीक, उपचार नव्हे. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१, म्हणजे थायमिन, कमी असतं आणि गोळीतून नीट शोषलंही जात नाही. म्हणून दवाखान्यात ते इंजेक्शनने, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत देतात. ते राहिलं तर डोळे तिरळे होतात, चाल लडखडते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन?

क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम उतरत्या मात्रेत साधारण ५ ते ७ दिवस देतात, मग बंद करतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. मात्रा डॉक्टरच ठरवणार. शेजाऱ्याची झोपेची गोळी दारूवर घेतली तर श्वास मंदावतो.

फीट आली तर कांदा, चप्पल काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. दारू सोडताना आलेली फीट एका मिनिटात थांबली तरी दवाखाना चुकत नाही. ५ मिनिटं चालली तर एक क्षणही दवडू नका.

मग सोडायची कशी? गणपतीच्या आठ दिवस आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, आणि तोवर एकदम बंद करू नका. आधी फीट किंवा डीटी झालेला, साठीपुढचा, यकृताचा आजार असलेला किंवा एकटा राहणारा माणूस असेल तर भरतीच करा. वाडीपासून डांबरी रस्ता लांब असेल, तर पावसातल्या रात्री डोली उचलण्यापेक्षा हे सोपं. सल्ल्यासाठी १४४४६ किंवा १४४१६, रुग्णवाहिकेला १०८. फोनवर तीन गोष्टी आधी सांगा: शेवटचा घोट किती वाजता, रोज किती, आणि यापूर्वी कधी फीट आली होती का.