स्वतः गाडी चालवत क्रूगर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आम्ही केलेल्या पहिल्या सफारीवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि त्यातले जे खटकले ते स्पष्टपणे कळवलेत, याबद्दल आपली मनापासून आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. जोहान्सबर्गहून गाडीने पावणेपाचशे किलोमीटर जाण्यात एक अख्खा दिवस गेला, तो विमानाने थेट उद्यानातल्या स्कुकुझा कॅम्पजवळ उतरून वाचवता आला असता, हा पहिला. पहिली सफारी खासगी अभयारण्यात, जाणकार गाईड आणि माग काढणारा ट्रॅकर बरोबर घेऊनच करावी, नाहीतर आमच्यासारखे तीन दिवस फिरूनही सिंह न पाहता परतावे लागते, हा दुसरा. आणि हत्तीसमोरून गाडी मागे घेतल्याचा प्रसंग मी ज्या उत्साहाने रंगवला तो बेजबाबदारपणा आहे, कारण तो वाचून आणखी कुणी तसे करायला जाईल, हा तिसरा. या तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत गंभीर आहे आणि त्यात आपले म्हणणे बरोबर आहे.

मूळ लेखात मी ‘थरार’ हा शब्द वापरला होता. तिथे जे लिहायचे राहून गेले ते असे. दुसऱ्या दिवशी सकाळी लोअर साबीच्या कॅम्पमधून निघून आम्ही एका कच्च्या रस्त्याला लागलो होतो. वळण घेताच समोर तीसेक मीटरवर एक मोठा नर हत्ती रस्त्याच्या मधोमध चालत येताना दिसला. मी गाडी थांबवली, पण ऐन वळणावर थांबवली, आणि मागून आलेली दुसरी गाडी आमच्या बंपरला जवळजवळ चिकटून उभी राहिली. म्हणजे मागे सरकायला जागाच उरली नव्हती. हत्तीच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मधून एक ओला, काळपट ओघळ जबड्यापर्यंत आला होता, मागचे पाय आतल्या बाजूने भिजलेले होते, डोके उंच धरलेले होते आणि उघड्या खिडकीतून एक उग्र दर्प आत येत होता. गंडस्थळातून मद झरणाऱ्या हत्तीची वर्णने आपण शाळेपासून वाचलेली असतात. प्रत्यक्ष तो मद डोळ्यांसमोर वाहत असताना मला मात्र त्याचा अर्थ लागला नाही, आणि इतक्या मोठ्या हत्तीची त्वचा किती सुरकुतलेली आहे हेच मी पाहत राहिले. माझ्या बारा वर्षांच्या मुलीने मागच्या गाडीकडे हात हलवून खुणा केल्या, त्या चालकाला उमगायला काही क्षण गेले आणि मग आम्ही दोघांनीही गाड्या मागे घेतल्या. हत्ती आमच्या दिशेने सरळ चालत आला आणि बऱ्याच वेळाने डावीकडच्या झाडीत वळला. यात माझे कौशल्य काहीच नव्हते. तो आमच्यावर चालून आला नाही, एवढेच घडले.

अशा मद झरणाऱ्या, म्हणजे माजावर आलेल्या नराशी गाठ पडलीच, तर तो लांब असतानाच थांबावे, मागे सरकायची मोकळी जागा आधी राखावी, वळणावर किंवा दुसऱ्या गाडीला खेटून उभे राहू नये आणि तो वाटेने येत असेल तर ती वाट त्याची समजून निघून जावे. हत्तीण आणि तिचे पिल्लू रस्त्याच्या दोन बाजूंना असतील, तर त्यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये. हे सारे मला त्याच संध्याकाळी कॅम्पच्या गाईडकडून कळले आणि ते लेखात सर्वांत आधी यायला हवे होते. तो परिच्छेद मी आज नव्याने लिहून मूळ लेखात घातला आहे आणि वर तारखेसह दुरुस्तीची नोंद केली आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. वेळ कमी असेल तर विमान सोयीचे आहे, हे खरे. पण एन-४ महामार्गाने जाताना काय दिसते ते लेखात मी फार घाईने उरकले, म्हणून आपल्याला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला असावा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण 1750 मीटर उंचीवर आहे. इमलाश्लेनीच्या कोळशाच्या पट्ट्यातून आणि मिडलबर्गवरून पुढे जाताना जून महिन्यात दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले उघडे गवताळ माळ आणि कापणी झालेली मक्याची शेते दिसतात, आणि हवा इतकी गार असते की गाडीत हीटर लावावा लागतो. मग पठाराचा कडा येतो. रस्ता दरीत उतरू लागतो, म्बोम्बेलाच्या आसपास संत्र्यांच्या बागा लागतात, मलेलेनपाशी उसाचे मळे लागतात, आणि क्रोकोडाइल ब्रिजच्या फाटकावर पोहोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्याही खाली आलेलो असतो. अंगातले स्वेटर एव्हाना मागच्या सीटवर गेलेले असतात. लोव्हेल्ड म्हणजे सखल माळरान हा शब्द मी नकाशावर वाचला होता, पण त्याचा अर्थ मला या उताराने समजावला.

आणि हा उतार समजल्याशिवाय तिथे अभयारण्य का आहे, हेही नीट कळत नाही. या सखल भागात हिवतापाचे डास होते आणि गुरांना नागाना हा जीवघेणा आजार देणारी त्सेत्से माशी होती. त्यामुळे वरच्या पठारावर शेते आणि गावे वाढत गेली तरी गोऱ्या वसाहतकारांनी इथे कायमचे बस्तान बसवले नाही. शिकारी तेवढे हिवाळ्यात उतरत आणि उन्हाळ्याआधी परतत. 1896-97 मध्ये बुळकांडीच्या साथीने गुरे आणि रानातले खूरवाले प्राणी प्रचंड संख्येने मेले आणि त्यांच्याबरोबर ती माशीही इथून नाहीशी झाली. जमीन गुरांसाठी मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली त्याच सुमारास, 1898 मध्ये, ट्रान्सवाल या तेव्हाच्या बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या काळात साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला भाग राखीव म्हणून जाहीर झाला. इथे पूर्वीपासून राहणाऱ्या स्थानिक लोकांना पुढे या राखीव भागातून हलवण्यात आले, हे विसरून चालणार नाही. 1902 मध्ये आलेले पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना त्सोंगा लोकांनी ‘सिकुखुझा’, म्हणजे सारे झाडून साफ करणारा, असे नाव दिले, आणि ज्या स्कुकुझाला विमानाने उतरावे असे आपण सुचवता त्याचे नाव त्यावरूनच पडले आहे.

आता आपला दुसरा आक्षेप. खासगी अभयारण्यांविषयी आपण जे लिहिले आहे ते योग्य आहे. क्रूगरला लागून असलेले साबी सँड्स हे खासगी अभयारण्य आणि क्रूगर यांच्यामधले कुंपण 1993 मध्ये काढून टाकले गेले, त्यामुळे प्राणी तेच आहेत. पण तिथले गाईड रस्ता सोडून झुडपांत गाडी नेऊ शकतात, वायरलेसवरून एकमेकांना खबर देतात, आणि बॉनेटजवळच्या खुर्चीवर बसलेला ट्रॅकर मातीवरचे ठसे ओळखून वाट दाखवतो. उद्यानात स्वतः गाडी चालवणाऱ्याला रस्ता सोडता येत नाही, ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही, डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते आणि जूनमध्ये साडेपाचला फाटक बंद होण्याच्या आत कॅम्प गाठावा लागतो. सिंह आणि बिबट्या नक्की पाहायचाच असेल तर आपला मार्ग अधिक खात्रीचा आहे, यात वाद नाही. तो कित्येक पटींनी महाग आहे, हेही आपण जाणताच.

पण ‘पहिली सफारी तशीच करावी’ हे मला पटत नाही. क्रूगर 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1927 मध्ये, पर्यटकांसाठी उघडल्यावरच्या पहिल्या वर्षी, तिथे अवघ्या तीन मोटारी आल्या. लोक स्वतःच्या गाडीतून येतील, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील आणि मग या रानाच्या बाजूने उभे राहतील, या विश्वासावर हे उद्यान उभे राहिले. नवखा माणूस स्वतःच गाडी चालवत इथे येतो, ही या जागेची सर्वांत जुनी रीत आहे.

आपण विशेष नाराज आहात ते आम्ही सनसेट डॅमवर घालवलेल्या पन्नास मिनिटांवर. लोअर साबीजवळचे हे तळे रस्त्याला अगदी लागून आहे. पाण्यात पाणघोड्यांचा कळप होता आणि त्यांतल्या एकाच्या पाठीवर पाच कासवे उन्हाला बसली होती. पाणघोडा हळूहळू बुडू लागला की पाणी कडेने चढत येई आणि कासवे एकेक करून घसरून जात; तो पुन्हा वर आला की तीच कासवे, निदान आम्हाला तीच वाटली, पुढच्या पायांनी ओल्या कातडीवर धडपडत पुन्हा चढत. चौथ्या खेपेला माझी मुलगी म्हणाली, ‘‘सगळ्यांत लहान आहे ते नेहमी शेवटी उतरतं.’’ तिने हे कुणी न सांगता पाहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच गाडी थांबवायला सांगितली, कारण रस्त्यापासून लांब उभे असलेले तीन जिराफ चरत नव्हते आणि तिघांचीही तोंडे एकाच दिशेला होती. एक इम्पाला हरीण फुरफुरले. आम्ही वीस मिनिटे त्या गवताकडे पाहत राहिलो, काही दिसले नाही आणि फाटकाच्या वेळेमुळे निघावे लागले. कॅम्पमध्ये नकाशाचा एक फलक असतो, त्यावर येणारे लोक दिवसभरात कुठे काय दिसले त्याची रंगीत चुंबके लावतात. संध्याकाळी नेमक्या त्याच जागेवर सिंहाचे चुंबक होते. म्हणजे तो बहुधा तिथेच होता. त्या फलकासमोर तिचा चेहरा कसा उजळला, ते मी पाहिले आहे, आणि म्हणूनच ‘सिंह न पाहता परतलो’ या वाक्यातला उणेपणा मला मान्य करता येत नाही.

आपल्या सूचनेतला गाईडचा मुद्दा मात्र मी लेखात जोडते आहे. उद्यानाच्या कॅम्पमधूनच संध्याकाळी उघड्या गाडीतून गाईडसह फेरी निघते आणि ती फाटक बंद झाल्यावर, प्रकाशझोत टाकत, परत येते. त्या वेळी स्वतःची गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आम्हाला त्या फेरीत एक जेनेट, म्हणजे मांजरासारखा दिसणारा छोटा निशाचर प्राणी, आणि रस्त्यावर बसलेला रातवा दिसला, आणि हत्तीच्या त्या ओघळाचा अर्थही कळला. सकाळी दोन सशस्त्र गाईडांबरोबर, जास्तीत जास्त आठ जणांच्या गटात, पायी फेरीही असते. आम्हाला ती करता आली नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिल्याच संध्याकाळी गाईडबरोबर जावे आणि दुसऱ्या सकाळी स्वतःची गाडी काढावी, असे मी आता सुचवेन. आमचा क्रम उलटा झाला, आणि तो सरळ असता तर त्या वळणावर मी गाडी थांबवली नसती.

आपण तिम्बावातीच्या खासगी अभयारण्यात रानकुत्र्यांचा कळप पाहिल्याचा ओझरता उल्लेख केला आहे. तो कोणत्या महिन्यात दिसला आणि ट्रॅकरला त्यांचा पहिला माग कशावरून लागला, हे सवडीने सविस्तर लिहावे, ही विनंती. माझी मुलगी या उत्तराची वाट पाहते आहे.