उंची मोजायची ती निवडीसाठी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : फुटबॉलपटू मेस्सी १७० सेंटिमीटरचा, गोलरक्षक कुर्त्वा जवळजवळ दोन मीटरचा; मग फुटबॉल शिकणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना मोजपट्टीला लावून साधतं काय? उंच ते संघात, बुटके घरी, एवढंच ना?

निवडीसाठी मोजत असतील तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच चालतं. मुलगे सर्वांत झपाट्याने वाढतात ते सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुली बाराव्याच्या. पण एकाच वयाच्या दोन मुलांत हा झपाटा दोन-तीन वर्षं पुढे-मागे असू शकतो. आज धिप्पाड दिसणारा बचावपटू कदाचित नुसता लवकर वाढलेला असेल. मोजायचं ते हे ओळखायला.

त्यासाठी उभी उंची, बसून उंची आणि वजन, तारीख-वेळेसह. पायात बूट नकोत. टाचा, नितंब आणि पाठ फळीला टेकलेली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून केस दबेपर्यंत सरकपट्टी खाली आणायची. दोनदा मोजून फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त आला तर तिसऱ्यांदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा.

बसून उंचीत सगळ्यात जास्त घोळ होतो. स्टुलाची उंची वजा करायची राहते, नाहीतर मुलगा पोक काढून बसतो. पोक काढल्याने दोन सेंटिमीटर कमी भरले, की उभ्या उंचीतून ती वजा केल्यावर पाय तेवढेच लांब ठरतात. वाढीचा टप्पा काढायचं सूत्र याच आकड्यांवर चालतं, त्यामुळे तेही फसतं. तसंही त्या सूत्रात सहा-सात महिन्यांची चूक गृहीतच धरायची, आणि फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांना ते सरासरीकडे ओढतं. त्यावरून कुणाचं भवितव्य ठरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

‘दर महिन्याला मोजतात, तरी काही कळत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. कळणार कसं? ऐन झपाट्यात मुलगा वर्षाला नऊ सेंटिमीटर वाढला, तरी महिन्याला पाऊणच होतात. मोजण्यातली चूक अर्धा सेंटिमीटर. त्यात सकाळपेक्षा संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. एकदा सकाळी आणि पुढच्या खेपेला सरावानंतर मोजलं, की मुलगा आखडलेला दिसतो! दर तीन महिन्यांनी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने मोजावं.

वेग वाढलेला दिसला तर उपयोग सरावात होतो. या काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखणं सुरू होतं, कारण तिथली वाढीची कूर्चा स्नायूंच्या ओढीला अजून कच्ची असते. मग उड्या, कडक मैदानावरच्या वेगाच्या धावा आणि एकसारखे किकचे सेट आठ-दहा आठवडे कमी करायचे. चेंडूवरचं काम चालू ठेवायचं. चाल बेंगरूळ झाली म्हणून मुलाला बाकावर बसवू नये, ती बहुधा तात्पुरती असते.

बीएमआयबद्दल (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) : वाढत्या खेळाडूत तो स्नायू आणि चरबी वेगळी सांगत नाही. चिमट्याने त्वचेची घडी मोजलीच, तर मिलिमीटरची बेरीज त्याच मुलाच्या आधीच्या बेरजेशी ताडावी, चरबीची टक्केवारी काढत बसू नये. आणि वजनाचा तक्ता कपडे बदलायच्या खोलीत लावणारा प्रशिक्षक असेल, तर तो तक्ता आधी उतरवायला सांगा.